दुसरी किल्ली

अण्णांच्या स्प्लेंडरच्या सीटवर मागच्या बाजूला एक गोल खळगा आहे. सीटचं कव्हर दोनदा बदललं तरी तो गेला नाही, कारण आतला फोमच तिथे बसलाय. गाईंना भरवायचं गोठवलेलं रेत ज्यात ठेवतात, त्या द्रव नायट्रोजनच्या कॅनचा तो ठसा. अण्णा पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते. माण तालुक्यात कुणाची गाय माजावर आली की फोन यायचा. मग अण्णा तो जड कॅन सीटवर ठेवायचे, जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधायचे आणि वस्तीवर निघायचे. झाकण उघडलं की पांढरा धूर कडेवरून खाली सांडायचा आणि वस्तीवरची पोरं टाळ्या पिटायची.

गाडी २०१०च्या दसऱ्याची. टाकीवर ‘हिरो होंडा’ लिहिलंय. त्याच डिसेंबरात दोन्ही कंपन्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. ‘शेवटच्या जोडनावाची गाडी आहे आपली,’ असं अण्णा कौतुकाने सांगायचे. २०२४च्या मार्गशीर्षात अण्णा गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. मी साताऱ्यात नोकरीला, भाऊ बंगळुरात. संक्रांतीला दहिवडीला गेले तेव्हा हेडलाइटच्या मागे चिमणीने काड्या आणून ठेवलेल्या दिसल्या. आई म्हणाली, “उभ्या उभ्या सडंल ती. कुणाच्या तरी कामाला येऊ दे.”

मला वाटलं होतं, चार फोटो काढायचे, साइटवर टाकायचे, एखाद्या रविवारी कुणी येईल आणि घेऊन जाईल. पण विकायची वस्तू आधी आपली असावी लागते, आणि कागदावर गाडी अजून अण्णांचीच होती. आरटीओबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका वयस्कर काकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “ताई, विकणाऱ्याच्या जागी सही कुणाची करणार?” माणूस गेल्यावर घरातलंच कुणीतरी त्याची सही गिरवतं आणि गाडी विकून मोकळं होतं, हे त्यांनी फार पाहिलेलं. लगेच म्हणाले, “तुम्ही मात्र करू नका ते. गेलेल्या माणसाच्या नावानं खोटं कशाला?” मला ते मनापासून पटलं.

मोटार वाहन कायद्याच्या ५०व्या कलमात वारसासाठी वेगळी वाट आहे. मालक वारल्यापासून ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला, आईचं आणि भावाचं ना हरकत पत्र, स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र. हे जमवताना कळलं की आरसीवर एका पतसंस्थेचा बोजा अजून तसाच आहे. सातबाऱ्यावर असतो तसाच. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण बोजा उतरवायला जो फॉर्म ३५ लागतो तो कुणी भरलाच नव्हता. तो भरला. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झालीय, ती बसवली. अण्णांची जुनी पाटी, जिच्यावर पेंटरने वळणदार अक्षरात नंबर काढला होता, ती मी पिशवीत घालून घरी आणली.

आणि मग एक दिवस आरसी माझ्या नावावर आली. मला मोटारसायकल नीट चालवतासुद्धा येत नाही. शेडखाली जाऊन मी नुसती सीटवर बसले, हात हँडलवर ठेवले. एका ग्रिपचं रबर अंगठ्याजवळ पार गुळगुळीत झालंय.

मी जाहिरात टाकली, किंमत २८ हजार. फोटोंत नंबरप्लेट झाकली, घराचा दरवाजा आणि गल्ली येणार नाही असा कोन धरला. आरसीचा फोटो जाहिरातीत टाकायचा नाही, हे भावाने बजावलं होतं. कुणी खरंच गिऱ्हाईक वाटलं तर त्याला नंबर सांगावा. मालकाचं नाव अर्धवट झाकून बाकीची माहिती सरकारच्या वाहन पोर्टलवर त्याला दिसतेच. आणि कागदाची प्रत द्यायचीच झाली तर तिच्यावर आडवं लिहून द्यावं, ‘फक्त या व्यवहारासाठी’, खाली तारीख.

तासाभरात फोन सुरू झाले. “ताई, सेकंड ओनर दाखवतंय. सेकंड ओनरला एवढा भाव नाही मिळत.” आरसीवर मालकाचा क्रमांक असतो. अण्णा १ होते, मी २ झाले. मी सांगत राहिले, अहो, बाहेर कुठे विकलेली नाही, वडिलांची आहे, वारसाने माझ्या नावावर आलीय. समोरचा म्हणायचा, “ते बरोबर आहे ताई, पण क्रमांक दोनच ना.” तिसऱ्या फोननंतर माझा घसा दाटून आला. बाप गेला म्हणून गाडीचा भाव उतरतो, हे कुणीतरी असं आकड्यात सांगेल याची मनाची तयारी नव्हती. दुसरी कुरबुर पासिंगची. १५ वर्षं ऑक्टोबरात भरणार, म्हणजे घेणाऱ्याला लगेच नूतनीकरणाचा खर्च. ती मात्र रास्त होती, तिच्यासाठी मी किंमत उतरवली.

दुसरा एक रस्ता होता बोलीचा. गाडीची माहिती आणि फोटो टाकायचे, मग ठिकठिकाणचे डीलर ठरलेल्या वेळात बोली लावतात आणि सर्वांत वरची बोली आपल्याला दाखवतात. मी बोलीला लावून पाहिली. आकडे डोळ्यांसमोर चढत होते, १४ हजार, १४ हजार ५००, १५ हजार २००, आणि तिथेच थांबले. भाव कमी, पण त्या रस्त्याला एक आधार आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. अशा डीलरच्या ताब्यात गाडी दिली आणि दोघांनी तसं पोर्टलवर कळवलं, की गाडी पुढे विकली जाईपर्यंत तोच मालक धरला जातो. ज्याला धावपळ झेपत नाही, त्याने चार पैसे कमी घेऊन हा रस्ता धरला तर मी त्याला शहाणाच म्हणेन. फक्त अधिकारपत्र बघायला मागावं. आणखी एक, इंटरनेटवरची बोली कायद्याच्या लेखी ‘जाहीर लिलाव’ नाही. त्या लिलावाचा फॉर्म ३२ वेगळा, साध्या विक्रीत नाव बदलायला लागतात ते फॉर्म २९ आणि ३०च.

ते चढते आकडे बघताना मला खरसुंडीची यात्रा आठवली. यात्रेत जनावरांच्या तपासणीला अण्णांची ड्यूटी लागायची आणि लहानपणी दोन-तीनदा त्यांनी मला नेलं होतं. धुळीने डोळे चुरचुरायचे. खिलार बैलांच्या रांगा, शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा. दोन माणसं एकमेकांचा हात धरून उभी, हातावर उपरणं टाकलेलं, आणि उपरण्याखाली बोटं दाबून भाव चाललाय. तोंडाने कुणी आकडा काढत नाही. मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, “भाव झाकलेला आहे, पण माणूस बघ, उघडा उभाय. कुठल्या गावचा, कुणाचा, सगळ्या बाजाराला ठाऊक.” माझ्या फोनवर सगळं उलटं होतं. भाव साऱ्या जगाला दिसत होता आणि माणूस उपरण्याखाली. अण्णा बैलाच्या दाखल्यावर रंग, शिंगांची ठेवण, दात, अंगावरची खूण असं सगळं लिहायचे. आणि आमचे आजोबा बैल विकला तरी त्याचं दावं घरी ठेवून घ्यायचे, घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं.

चौथ्या दिवशी एकाचा मेसेज आला. फौजेत आहे म्हणाला, बदली पुण्याला झालीय, गाडी न बघताच घेतो, भावात घासाघीस नाही. गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्राचा पाठवला, कॅन्टीन कार्डाचासुद्धा. हिंदीत बोलत होता, अदबीने. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी म्हटल्यावर माणूस अर्धा विश्वास आधीच ठेवतो. अपशिंग्याला तर गावाचं नावच मिलिटरी अपशिंगे पडलंय. आमचा धाकटा मामा सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाला. आई म्हणाली, “फौजी हाय ना, मग देऊन टाक.” माझंही मन तिकडेच झुकलं होतं.

मग त्याने क्यूआर कोड पाठवला. म्हणे, सैन्याच्या खात्यातून पैसे पाठवायची पद्धत अशीच आहे. आधी तुम्ही स्कॅन करून ५ रुपये टाका, तुमच्याकडे १० येतील, मग पूर्ण रक्कम. मी स्कॅनर उघडला. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. पिन टाकायचा चौकोन आला तसं तिने विचारलं, “हे काय टाकायलीस?”

“पिन. पैसे घ्यायला.”

“पैसे घ्यायचे तर आपला पिन कशाला?” शेंगा तशाच हातात धरून ती म्हणाली, “वाण्यानं सुटे परत देताना आपल्या पेटीची किल्ली मागितली का कधी?”

मी फोन बंद केला. माझ्या हाताला घाम फुटला होता. पैसे येताना पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, कुठल्या लिंकवर बोट ठेवावं लागत नाही, हे मला त्याआधी माहीत नव्हतं असं नाही. पण गणवेश समोर होता, बोलणं गोड होतं आणि काम एकदाचं संपवायची घाई झालेली. अशा वेळी माहीत असलेलं हाताशी येत नाही. पुढे १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर माणसाने माणसाकडे पैसे ‘मागण्याची’ सोयच बंद केली गेली. पण क्यूआरचा डाव अजून चालतोच. आणि ज्याच्या हातून पिन टाकला गेला त्याने लाजत बसू नये, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा. पैसा पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत गोठवता आला तरच हाती लागतो. सगळ्यांत जास्त राग मला त्या फोटोचा येतो. कुणाचा तरी खरा गणवेश, कुणाचं तरी खरं कार्ड चोरून हे चालतं. मामाला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता.

खरं गिऱ्हाईक आलं ते वडूजच्या बाजूचं. पंचविशीचा मुलगा, वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून संकलन केंद्रावर घालतो. फोनवर त्याने भाव नाही विचारला. विचारलं, “ताई, कॅरियर मजबूत हाय का?”

त्याला घरी बोलावलं नाही. दहिवडीत बसस्टँडजवळच्या पेट्रोल पंपावर सकाळी अकराला भेटायचं ठरलं. माझ्यासोबत शेजारचे बापूकाका. पंप घेण्यामागे दोन कारणं, माणसांची ये-जा असते आणि कॅमेरे असतात. त्याला चालवून बघायची होती. चालवून बघतो म्हणून निघालेला माणूस गाडीसकट पसार झाल्याचं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. आणि मागाहून ‘किल्ली तुम्हीच हातात दिली ना?’ हा प्रश्न येतोच. मी त्याचं मूळ लायसन्स मागून घेतलं, त्याची स्वतःची गाडी आणि तिची किल्ली आमच्याकडे ठेवून घेतली, आणि बापूकाका मागच्या सीटवर बसले. मूळ आरसी माझ्या पर्समध्येच होती. मुलाला यातलं काही लागलं नाही. म्हणाला, “बरोबर हाय ताई. मीबी म्हैस अशी कुणाच्या हातात देत नाय.”

परत आल्यावर त्याने सीटवर हात फिरवला आणि विचारलं, “इथं काय ठेवत होते?” मी सांगितलं. तो त्या खळग्याकडे बघत राहिला. त्याच्या घरची पहिली संकरित गाय अशाच कुणा डॉक्टरांच्या हातून झालेली. नाव त्याला ठाऊक नव्हतं आणि मीही विचारात पडले नाही. माण-खटावात असे पाच-पन्नास जण तरी राबले असतील. व्यवहार २३ हजार ५००ला ठरला.

आधी १ रुपया पाठवायला सांगितला. माझ्या खात्यात तो पडल्याचं बँकेच्या अॅपमध्ये बघितलं, त्यानंतर बाकीचे. त्याने स्क्रीनशॉट पुढे केला, मी म्हटलं, दादा, मी माझ्या खात्यातच बघते. स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो, आणि ‘रक्कम जमा झाली’ असा एसएमएस कुणाच्याही नंबरवरून येऊ शकतो. खात्यातली शिल्लक तेवढी खरी. पंपावरच्या बाकावर बसून ताबापावती केली. दोघांची नावं, आधार आणि लायसन्सचे नंबर, गाडीचा नंबर, इंजिन आणि चेसिस नंबर, रक्कम. तारखेसोबत वेळही लिहिली, दुपारी १२ वाजून ४० मिनिटं. १२ वाजता काही झालं तर ते माझ्या अंगावर, १ वाजता झालं तर पावती माझ्या बाजूने बोलेल. बापूकाकांची साक्षीदार म्हणून सही.

आणि मग तो म्हणाला, जे त्याच्या आधीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाने म्हटलं होतं. “ताई, फॉर्मवर सह्या करून द्या, नाव सावकाश लावून घेतो.”

आपल्याकडे असंच चालतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या की गाडी चार हात फिरते आणि नाव पहिल्याचंच राहतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. एकाने २००७ मध्ये कार विकली, ती पुढे आणखी हातांतून गेली, नोंद बदलली नाही. मे २००९ मध्ये तिने एका बाईला जखमी केलं, सोबतचा तिचा भाचा जागीच गेला. न्यायालयाने कायद्यातली ‘मालक’ या शब्दाची व्याख्या पुढे ठेवली. नोंदीत ज्याचं नाव तो मालक, भरपाई त्याने द्यायची. ज्याचं माणूस गेलंय त्याने गाडी कुणाकुणाच्या हातून फिरली ते शोधत हिंडायचं का, असा त्यामागचा विचार. मला तो निकाल कठोर वाटत नाही. रस्त्यात पडलेल्या माणसाच्या बाजूने बघितलं तर तोच न्याय आहे. मात्र त्याचा अर्थ असा, की पैसे मोजून घेतले आणि किल्ली दिली म्हणून गाडी सुटत नाही.

मी त्याला म्हटलं, “दादा, गाडी वडिलांची आहे. सोमवारी दोघं मिळून जाऊ. माझी एक सुट्टी जाईल, जाऊ दे.” तो कबूल झाला. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, अशी मुदत आहे. आम्ही दोन्ही एकदमच केलं. विम्याचं हस्तांतरणही त्याने १४ दिवसांत करून घ्यायचं ठरलं.

सोमवारी काकांच्या टेबलाशेजारी गाडी उभी केली. फॉर्मवर चेसिस नंबरचा छाप लागतो. काकांनी हँडलखालची नळी फडक्याने पुसली, वर्षानुवर्षांचं तेल आणि माणची माती निघाली. मग कागदाची पट्टी तिच्यावर दाबून धरली आणि पेन्सिल आडवी करून हलकेच घासायला लागले. लहानपणी रुपयाचं नाणं कागदाखाली ठेवून आपण करायचो तसं. राखाडी पट्ट्यातून एकेक अक्षर वर यायला लागलं. पहिला छाप पुसट आला, दुसरा नीट, तिसरा ‘असू द्या’ म्हणून घेतला. अण्णांच्या नावाच्या वेळी हाच नंबर, माझ्या वेळी हाच, आता त्या मुलाच्या वेळीही हाच. तो तिसरा छाप मी मागून घेतला. अण्णांच्या रेतनाच्या नोंदवहीत ठेवलाय.

निघताना मुलाने दुसरी किल्ली मागितली. विकताना दोन्ही किल्ल्या द्यायच्या असतात, आणि त्याचं मागणं रास्तच होतं. मी म्हटलं, घरी शोधून देते. आईला फोन केला तर म्हणाली, “कुठंतरी असंल. सापडली की सांगते.”

पुढे रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा आणि आधी तोच प्रश्न असायचा, “झाली का त्याच्या नावावर?” मी पोर्टल उघडून बघायचे. माझंच नाव. अण्णांच्या मागे गाडी जेमतेम काही आठवडे माझी होती आणि त्यांतला एकही दिवस मी ती चालवली नव्हती, तरी ते नाव बघताना पोटात कालवायचं. दुधाच्या घाईत तो कुठे वळणावर असेल, समोरून काय येत असेल, असं डोक्यात यायचं. एकोणिसाव्या दिवशी मेसेज आला. पोर्टलवर बघितलं. मालक क्रमांक ३, नाव त्याचं.

शनिवारी दहिवडीला गेले आणि आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली, फडताळातला डाळीचा पितळी डबा खाली घेतला, त्यात कोपरापर्यंत हात घातला. किल्ली डाळीच्या पिठाने पांढरी झाली होती. पदराला पुसून तिने माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “आता दे त्याला. कुरिअर नको करू. येईल की दूध घालून, चहाला थांबव म्हणावं.”